अनुमोदक

तो हात मी एसीसाठी वर केला होता.

विद्वत परिषदेची सभा, घणसोली, सातवा मजला.
काचेबाहेर ओहोटीची खाडी,
काळ्या गाळात कलंडलेली एक होडी.
गार झोत थेट मानेवर येत होता,
म्हणून दाराशी उभ्या तांडेलला खूण करायला
हात वर केला,
आणि नेमके तेव्हाच कुलसचिव म्हणाले,
‘अनुमोदक, प्राध्यापक देवस्थळी.’

विषय ऐनवेळचा.
माननीय अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय
चहानंतरच येतात,
मांडीवरचा बिस्किटांचा चुरा झटकायचा असतो तेव्हा.
भूगोल, पेपर सहा, घटक चार:
भराव, खारफुटी आणि गावठाणे.
वगळावा.
कारण, अभ्यासक्रमाचा भार.

भार म्हणजे अकरा तासिका.
मी संख्याशास्त्राचा. मोजल्या.

घटक हर्षला मढवींनी बांधलेला.
दर शनिवारी त्या पोरांना बुटांसकट चिखलात उतरवायच्या,
टेप धरून जुना बांध मोजायला लावायच्या,
मग नकाशावरचा बांध,
मग दोहोंतला फरक, ज्याच्यावर आता
आपल्याच नव्या वसतिगृहाचे खांब येणार आहेत.

त्या उठल्या. दोन मिनिटं बोलल्या.
हा विषय अभ्यास मंडळापुढे गेलाच नाही, म्हणाल्या.
काय शिकवायचं ते शिकवणाऱ्यांनी ठरवायचं,
आणि चुकलं तर
वह्या पुढ्यात टाकून त्यांच्याशीच भांडायचं.
माझे आकडे चुकले असतील तर दाखवा.

आकडे कुणी मागितले नाहीत.
माझ्या शेजारी कुणीतरी पाण्याच्या बाटलीचं झाकण
उघडत होतं, लावत होतं, उघडत होतं.

इतिवृत्तात आलं:
‘चर्चेअंती ठराव सर्वानुमते संमत.’
बाईंची दोन मिनिटं ‘चर्चेअंती’त मावली.
मी ‘सर्वानुमते’त.

आता खोटं कशाला बोलू.
हात वर गेला तो चुकून.
खाली मात्र मी तो विचार करून आणला,
सावकाश, आवाज न करता,
निवृत्तीला चार वर्षं, ऐरोलीच्या घराचे सहा हप्ते,
असं मोजत मोजत
टेबलाखाली नेऊन ठेवला.
दोन महिने तो तिथेच होता.
फळ्यावर लिहायचो तो दुसराच कुणाचा तरी.

पुढची सभा. विषय क्रमांक एक:
मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
बावीस वर्षांत या विषयाला
पाव मिनिटाहून जास्त लागलेलं मी पाहिलं नाही.
‘कायम,’ असं कुलसचिव म्हणतच होते.

दुरुस्ती आहे, म्हटलं.
‘शुद्धलेखनाची?’
नाही. हाताची.

हसले सगळे. मीही हसलो असेन.
मग सांगितलं. एसी, मान, तांडेल.
सूचक आहे, अनुमोदक नाही,
म्हणजे ठराव मांडलाच गेला नाही, असं नियम म्हणतो,
आणि तो नियम याच टेबलाशी
आपण सगळ्यांनी मंजूर केलेला आहे.
शेवटचं वाक्य घशातच फाटलं.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
रसायनशास्त्राच्या डिमेलो बाई,
ज्यांचा आवाज मला हजेरीपुरताच माहीत,
वर न बघता म्हणाल्या,
‘त्या सर्वानुमतेमधून मलाही वजा करा.’
बाटलीचं झाकण थांबलं.
बाकी कुणी काही बोललं नाही.

‘नोंद घेतली’ असं लिहिलं गेलं.
घटक चारचं काय, ते पुढच्या सभेत,
पुढची सभा कधी, ते कळवण्यात येईल.

तांडेल वाकून कानाशी म्हणाला, सर, कमी करू का?
या वेळी तोंडाने म्हटलं, कर.

मला वाटत होतं, मढवीबाई एकदा तरी माझ्याकडे बघतील.
त्या वहीच्या कोपऱ्यात शनिवारच्या ओहोटीची वेळ लिहीत होत्या.
चार दहा.
खाली रेघ मारली, वही मिटली,
आणि पिशवीतली टेप जागेवर आहे का
ते चाचपून पाहिलं.